अज्जींबद्दल चार ओळी

गेल्या महिन्यात आमच्या शेजारच्या अज्जी गेल्या. वय चौऱ्याऐंशी. कॅम्पातल्या आमच्या गल्लीत सगळेच त्यांना अज्जी म्हणायचे. माहेर निपाणीकडचं, घरची भाषा मराठी, शाळा मराठी चौथीपर्यंत. पण सून आली गोकाकची, नातवंडं कन्नड शाळेत गेली आणि आजीची अज्जी झाली. त्यांचीही काही तक्रार नव्हती. प्रार्थना मराठीत, भाजीवाल्याशी घासाघीस कन्नडात आणि नातवंडांना रागावणं दोन्ही भाषांत, असा त्यांचा कारभार होता. फळीवर दोन पुस्तकं शेजारी शेजारी असायची, एक मराठी पवित्र शास्त्र आणि एक कन्नड सत्यवेद. सून कन्नड वाचायची, त्या मराठी. वाचून झालं की दोघी त्याच फळीखाली बसून लसूण सोलायच्या.

दफनविधी झाल्यावर दोन दिवसांनी त्यांचा मुलगा आमच्याकडे आला. म्हणाला, "वहिनी, स्मरणसभेला एक छोटं पत्रक छापायचंय. तुम्ही पेपरात लिहिता. आईबद्दल चार ओळी लिहून द्या की."

मी लगेच हो म्हटलं. त्यात काय अवघड? सव्वीस वर्षांचा शेजार. रात्री कागद घेऊन बसले आणि लिहिलं: "त्या अत्यंत प्रेमळ, धार्मिक व कष्टाळू होत्या." झालं. पुढची ओळ सुचेना. जन्म कुठला, लग्न कधी, मुलं किती, एवढं ठाऊक. त्यापलीकडे? लहानपणी त्यांना कशाची भीती वाटायची, लग्नानंतर पहिली रात्र रडून काढली की हसून, देवावर कधी रागावल्या होत्या का, यातलं मला काही माहीत नव्हतं. त्यांच्या हातच्या नाताळच्या करंज्या सव्वीस वर्षं खाल्ल्या. दिवाळीचं ताट आमच्याकडून तिकडे आणि नाताळचं तिकडून इकडे, कधी चुकलं नाही. पण "अज्जी, तुमचं सांगा की" असं मी एकदाही म्हटलं नव्हतं. "बस की गे, चहा घेऊन जा," असं त्या म्हणायच्या आणि मी गडबडीत उभ्याउभ्या चहा पिऊन परत यायची.

वाचकहो, तो कागद मी तसाच ठेवला आणि कपाटातून एक जुनं पुस्तक काढलं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे'. आपल्याकडे टिळक म्हटलं की टिळकवाडी आणि लोकमान्य एवढंच आठवतं. हे टिळक वेगळे. रेव्हरंड नारायण वामन टिळक, फुलांमुलांचे कवी. आपल्या मराठी चर्चमध्ये जी भजनं म्हटली जातात त्यातली कितीतरी त्यांची आहेत. लक्ष्मीबाई त्यांच्या पत्नी. ज्यांनी पुस्तक वाचलं नसेल त्यांना विजया मेहतांनी दूरदर्शनसाठी केलेला चित्रपट तरी आठवत असेल.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरचं नाव मनकर्णिका, आडनाव गोखले. १८५७ च्या बंडात त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर लक्ष्मीबाईंच्या वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. वेडच म्हणायचं. बाजारातून आलेली जिन्नस धुतल्याशिवाय घरात जायची नाही. कोणाची सावली, कोणाचा स्पर्श, सगळ्याचा विटाळ. त्या घरात लहान मुलांचं काय होत असेल, याची कल्पना आपणच करावी. लक्ष्मीबाईंनी मात्र हे सगळं हसत हसत लिहिलंय. वडिलांची चेष्टा केलीय, पण वडिलांवर दात ठेवलेला नाही. मला हे फार अवघड वाटतं. आपल्या माणसाचं वेड सांगायचं आणि माणूस लहान होऊ द्यायचा नाही, हे आपल्यापैकी किती जणांना जमतं?

अकराव्या-बाराव्या वर्षी, १८८० मध्ये, त्यांचं लग्न झालं. टिळक मोठे बुद्धिमान, दिलदार आणि संसाराच्या बाबतीत पक्के बेभरवशाचे. केव्हा घर सोडून निघतील, केव्हा नोकरी सोडतील, खिशातले पैसे कोणाला देऊन येतील, काही नेम नाही. शाळा अशी लक्ष्मीबाईंना मिळालीच नाही. अक्षरं शिकल्या त्या नवऱ्याकडून, तीही त्यांच्या लहरीप्रमाणे. पुढे १८९३ च्या सुमारास टिळक नागपूरहून राजनांदगावला निघाले असताना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाशी बोलणं झालं, त्याने नवा करार हातात दिला, आणि दोन वर्षांनी, १० फेब्रुवारी १८९५ ला, मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपल्या या भागात धर्मांतर हा शब्द नुसता उच्चारला तरी लगेच दोन तट पडतात. मला त्या वादात शिरायचं नाही. मला त्या घरातली बाई दिसते. पदरात लहान मुलगा दत्तू, आणि नवरा एका रात्रीत परका झालेला. नातेवाईक म्हणाले, तो मेला असं समज. लक्ष्मीबाई पंढरपूरला बहिणीच्या घरी राहिल्या, आणखी कुठे कुठे राहिल्या. चारपाच वर्षं अशी गेली. दुःख इतकं झालं की त्यातून कविता बाहेर आली. जिला धड लिहिता येत नव्हतं, तिची पहिली कविता नवऱ्याच्या ताटातुटीवर!

पुढे त्या टिळकांकडे नगरला गेल्या, पण ख्रिस्ती होऊन नव्हे. चूल वेगळी, पाणी वेगळं, भांडी वेगळी. नवरा ख्रिस्ती, बायको ब्राह्मण. माझ्या मते पुस्तकाचा खरा गाभा हाच भाग आहे. टिळकांनी जबरदस्ती केली नाही आणि लक्ष्मीबाईंनी लाजेखातर काही सोडलं नाही. मग एक दिवस विचार करता करता त्यांच्या मनाने घेतलं की जात ही माणसाने केलेली आहे, देवाने नव्हे. पटलं तसं त्यांनी वागायला सुरुवात केली. कोणाच्याही हातचं खायला-प्यायला हरकत उरली नाही. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० चा. आधी पाण्याचा प्रश्न सुटला, मग देवाचा. त्यांच्या वडिलांच्या घरी बाजारचा जिन्नस धुऊन घेतला जात होता, हे लक्षात ठेवून हा प्रसंग वाचावा. त्या घरातली मुलगी इथपर्यंत आली ती कोणाचं प्रवचन ऐकून नाही. स्वयंपाकघरात, स्वतःच्या डोक्याने आली.

आमच्या अज्जींचा आणि पाण्याचा संबंध वेगळा होता. पहाटे पाचला त्या मोठ्याने प्रार्थना करायच्या आणि मधल्या भिंतीतून ती आम्हाला ऐकू यायची. आधी सगळ्या जगासाठी, मग बेळगाव शहरासाठी, मग गल्लीतल्या एकेका घरासाठी, नाव घेऊन. माझ्या मुलाच्या एसएसएलसीच्या वर्षी त्याचं नाव रोज असायचं, विषयासकट. शेवटी, "आणि प्रभू, आज तरी नळाला पाणी सोडू दे." आम्ही भिंतीअलीकडे हसायचो. पण ज्या दिवशी पाणी यायचं त्या दिवशी पहिली हाक आम्हालाच असायची. घागरी भरून घ्या म्हणून. गल्लीत लिंगायत, मराठे, जैन, एक मुसलमान घर. अज्जींच्या नळावर सगळ्यांच्या कळशा एका रांगेत. यात काही विशेष आहे असं तेव्हा कोणालाच वाटलं नाही. आज आठवलं, ते लक्ष्मीबाईंमुळे.

ख्रिस्ती होऊन लक्ष्मीबाईंचा संसार सोपा झाला असं कोणी समजू नये. टिळक तसेच राहिले, पैशाची चणचण तशीच. भर पडली ती दुसऱ्यांच्या मुलांची. १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ, मागोमाग प्लेग. नगर भागात पोरकी मुलं किती झाली याला गणती नाही. टिळकांच्या घरात अशी मुलं येत राहिली आणि लक्ष्मीबाईंच्या पातेल्यातलं पाणी वाढत राहिलं. प्लेगमध्ये आजारी मुलींच्या शुश्रूषेलाही त्या राहिल्या. भक्ती म्हणजे काय, असं त्यांना कोणी विचारलं असतं तर त्या कदाचित हसल्या असत्या आणि पोळ्या लाटायला बसल्या असत्या. हा माझा अंदाज. पण पुस्तक वाचून तुम्हीही हाच अंदाज कराल.

आपल्या भागाला मिशनच्या या जगाची ओळख नवी नाही. बेळगावात लंडन मिशनचे लोक १८२० मध्ये आले, पुढे १९०४ मध्ये त्यांचं काम मेथडिस्टांकडे गेलं. निपाणीकडच्या जुन्या माणसांना तर दुखणं जास्त झालं की एकच वाट ठाऊक होती, मिरज. तिथे डॉक्टर वानलेस यांनी १८९४ मध्ये दवाखाना उभा केला होता. माझी स्वतःची आजी, गळ्यात तुळशीची माळ घालणारी, मिरजेच्या दवाखान्याला 'मिशनचं देऊळ' म्हणायची. असो. सांगायचं एवढंच की मिशनचे साहेब, डॉक्टर, शाळांचे संस्थापक यांची नावं दगडावर कोरलेली आहेत. त्या शाळांतून शिकून संसाराला लागलेल्या आणि रविवारी डोक्यावर पदर घेऊन चर्चच्या मधल्या बाकांवर बसणाऱ्या बायका मात्र कुठेच लिहिलेल्या नाहीत. आपल्या हिंदू, जैन घरांतल्या आज्या तरी कुठे लिहिल्या गेल्या? हा दोष सगळ्यांचा सारखाच.

मग लक्ष्मीबाईच कशा उरल्या? याचं उत्तर मला त्या रात्री पुस्तक चाळताना सापडलं आणि थोडी लाजही वाटली. टिळक ९ मे १९१९ ला मुंबईत वारले. मुलगा देवदत्त, म्हणजे तोच लहानपणचा दत्तू, वडिलांचं चरित्र लिहायच्या विचारात होता. त्यासाठी त्याने आईला म्हटलं, तुला आठवतं तसं लिहून काढ. प्रश्न वडिलांबद्दलचा होता! आईने लिहायला घेतलं ते टिळकांसाठी, आणि लिहिता लिहिता कागदावर उतरली ती स्वतः. टिळक त्या पुस्तकात आहेतच, पानोपानी आहेत, घरादाराची तारांबळ उडवत आहेत. पण ते दिसतात ते तिच्या डोळ्यांनी, आणि ते डोळेच आपल्या लक्षात राहतात. 'संजीवनी' या नियतकालिकातून हे लेखन आधी आलं, आणि १९३४ पासून त्याचे भाग पुस्तकरूपाने निघू लागले. लक्ष्मीबाईंचं शिक्षण काय, तर घरच्या घरी झालेलं. भाषा मात्र अशी की आजही वाचताना कोणीतरी ओट्यापाशी उभं राहून बोलतंय असं वाटतं. १९५० मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर झालं, आणि २०१७ मध्ये शांता गोखले यांनी पुन्हा नव्याने संपूर्ण भाषांतर केलं.

एवढ्यावर भागलं नाही. टिळकांनी येशूच्या चरित्रावर ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' लिहायला घेतलं होतं, ते दहा-साडेदहा अध्यायांवर थांबलं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं. पुढचे ६४ अध्याय त्यांचे! नवऱ्याने ज्या संसाराला अर्ध्यावर सोडलं तो संसार तिने पुरा केला आणि नवऱ्याने अर्ध्यावर सोडलेलं काव्यही तिनेच पुरं केलं. आपल्याकडच्या बायकांना हे गणित नवीन नाही. ६४ अध्याय लिहिणाऱ्या मात्र थोड्या.

२४ फेब्रुवारी १९३६ ला नाशिकला त्या गेल्या. 'ख्रिस्तायन' छापलेलं त्यांनी पाहिलं नाही, ते १९३८ मध्ये निघालं. आणि आजीपणाचा धागा पुढेच आहे. त्यांचे नातू अशोक टिळक यांनी कितीतरी वर्षांनी आजीचं पुस्तक पुन्हा हातात घेतलं, टिपा आणि संदर्भ जोडून त्याची नीट आवृत्ती सिद्ध केली. आजी आठवणीतून सांगत गेली, नातू तारखा लावत बसला. मुलाने विचारलं म्हणून लिहिलं गेलं आणि नातवाने जपलं म्हणून नीट राहिलं.

हे वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी मी अज्जींच्या घरी गेले. मुलाला म्हटलं, "चार ओळी नंतर देते. आधी मला आईबद्दल सांगा." तो बराच वेळ बोलला. वडिलांची लष्करी खात्यातली कारकुनी, बदल्या, घराचं कर्ज, स्वतःचं शिक्षण. आई त्यात होती, पण कडेला. डबा देताना, ताप आल्यावर उशाशी बसताना. मी म्हटलं, "हे तुमच्या वडिलांचं झालं. आईचं?" तो गप्प झाला. मग आतून सून आली. कन्नडात म्हणाली, "त्यांना विचारून काही उपयोग नाही. आमचं बोलणं दुपारी व्हायचं, हे ऑफिसात असायचे."

आणि मग ती बोलत सुटली. सासूला कन्नड अक्षरं कोणी शिकवली तर थोरल्या नातवाने. त्याची पाटी घेऊन दोघं दुपारी बसायची. साठीनंतर शिकल्या. का, तर सुनेच्या पुस्तकातलं एक वचन एकदा तरी स्वतः वाचून दाखवायचं होतं. कोणतं वचन ते सुनेने मला सांगितलं नाही, आणि मीही आग्रह केला नाही. लग्न होऊन ही घरात आली तेव्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पहिले सहा महिने सासू रोज जेवणाआधी एवढंच विचारायची, "ऊटा आत?" कारण तेवढंच कन्नड येत होतं. ही 'हं' म्हणायची, कारण मराठीत तेवढंच येत होतं. पुढे एकदा सुनेच्या माहेरी अडचण आली, तेव्हा सासूने पाटल्या मोडल्या आणि मुलाला कळू दिलं नाही. मुलाला हे कळलं ते आत्ता, माझ्यादेखत. तो उठून बाहेर गेला.

मग सुनेने फळीवरचं मराठी पवित्र शास्त्र काढलं. आपल्याकडच्या अनेक ख्रिस्ती घरांत पहिल्या कोऱ्या पानावर घरातले जन्म-मृत्यू लिहिलेले असतात, तसं इथेही होतं. वरच्या ओळी अज्जींच्या यजमानांच्या हातच्या, झोकदार. त्यांच्यामागे अज्जींचं अक्षर, मोठं आणि तिरकं. नातवंडांचे जन्म, यजमानांचा मृत्यू. शेवटच्या दोन नोंदींतले आकडे तर चक्क कन्नडात. पण यजमानांच्या ओळींच्या मधोमध, पानाच्या अगदी कडेला, अज्जींच्याच अक्षरात एक ओळ होती. शाई उडालेली, भिंगाने वाचावी लागली. "जून १९६४. पाऊस फार. ती गेली."

कोण ती? मुलाचा जन्म १९६६ चा, घरात तो थोरला. त्याच्याआधी कोणी होतं असं त्याने कधी ऐकलं नव्हतं. सुनेला माहीत नव्हतं. यजमान नाहीत. अज्जी नाहीत. साठ वर्षं हे पुस्तक रोज उघडलं जात होतं, त्याच पानावरून रोज हात फिरत होता, आणि घरातल्या कोणी त्या ओळीबद्दल विचारलं नव्हतं. मी तर काय, मी उभ्याउभ्या चहा पिणारी.

अज्जींची थोरली बहीण मिरजेला आहे. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, ऐकू कमी येतं. मुलाने तिला फोन लावला, मोठ्याने ओरडून ती ओळ वाचून दाखवली. पलीकडून बराच वेळ काही आवाज आला नाही. लाइन तुटली असं वाटलं. मग म्हातारी म्हणाली, "घरी ये. हे फोनवर सांगायचं नव्हे."

पत्रक अजून छापलेलं नाही. स्मरणसभा पुढे ढकलली आहे. येत्या रविवारी चर्च आटोपून मुलगा आणि सून मिरजेला निघालेत, मलाही चला म्हणालेत. जाणार आहे. पिशवीत नवी वही टाकून ठेवली आहे.